गाळलेलं प्रकरण

“...पण मग ती त्याला हो म्हणतेच का?” अभिराम देवस्थळीनं विचारलं. “सबंध पुस्तकात त्या माणसानं केलं काय?”

बुवा भिजवलेले वाल सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

वाईजवळ कृष्णेकाठी एक लहानसा मठ आहे, तिथले हे बुवा. भगवं अंगावर येण्याआधी त्यांची उभी हयात कॉलेजात इंग्रजी शिकवण्यात गेली होती. लोक त्यांच्याकडे पत्रिकेपासून कंबरदुखीपर्यंत सगळं घेऊन येत. इंग्रजी कादंबरी घेऊन मात्र बऱ्याच वर्षांत कोणी आलं नव्हतं.

अभिरामही काही हौसेनं आला नव्हता. त्याची बायको केतकी दिवाळीपासून साताऱ्याला माहेरी होती. ती बुवांची विद्यार्थिनी. दोनशे वर्षांपूर्वीची ती इंग्रजी प्रेमकथा तिला बुवांनीच शिकवलेली, आणि तेव्हापासून ती दरवर्षी वाचायची. घर सोडताना ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, “माझं ते पुस्तक एकदा वाच. मग ये.”

आज संध्याकाळी तो साताऱ्याला जाणार होता. केतकी परत येणार की नाही, ते आजच ठरायचं होतं.

माणूस हुशार. आयुष्यात कुठल्या परीक्षेला घाबरला नाही. पण या पेपरात प्रश्नच काय आहे ते त्याला उमगत नव्हतं, आणि तसं कबूल करायला जीभ रेटत नव्हती.

“कसं वाचलंत?” बुवांनी विचारलं.

“ऐकलं, बुवा. गाडी चालवताना. दुप्पट वेगानं.” अभिरामचा आवाज जरा खुलला. “आणि वाचणारा मध्ये थांबला, की त्या रिकाम्या जागा ॲप आपोआप काढून टाकतं. निम्म्याहून कमी वेळात उरकलं.”

“झकास.” बुवांनी परात त्याच्याकडे सरकवली. “घ्या. हाताला काम असू दे.”

अभिराम फटाफट सोलू लागला. दाणे बोटांत चेपू लागले.

“सावकाश, जावईबापू. या वेगानं डाळिंब्यांचं पिठलं होईल.”

तो कसनुसं हसला, पण मुद्दा सोडला नाही. “तो नायक धड बोलत नाही, बुवा. तिची आई जाते, तेव्हासुद्धा सांत्वनाचा एक शब्द नाही.”

“मग काय करतो?”

“तिच्या स्वयंपाकघरात बसून राहतो. ते प्रकरण मी थोडं ऐकून गाळलं. मेणबत्ती, कुत्रं, खिडकीबाहेरचं धुकं... पानंच्या पानं. त्यात घडत काहीच नाही.”

“आणि पुढच्या प्रकरणात?”

“पुढच्या प्रकरणात ती लग्नाला तयार. म्हणून तर विचारतोय.”

बुवांनी एक वाल सोलला. मग दुसरा.

“केतकी का गेली?”

अभिरामचे हात मंदावले.

“श्रावणात आमचं बाळ गेलं. पोटातच.” त्यानं हे एखादी तारीख सांगावी तसं सांगितलं, आणि लगेच पुढे बोलू लागला. “मी कशात कमी पडलो नाही, बुवा. चांगल्यातलं चांगलं हॉस्पिटल. दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला. औषधं, इन्शुरन्स, तिची रजा... सगळं मीच पाहिलं.”

“घरी आल्यावर ती काय म्हणाली?”

“म्हणाली, ‘अभि, मला ना...’”

“पुढे?”

अभिराम आठवू लागला. त्याची स्मरणशक्ती दांडगी. रिपोर्टातले आकडे त्याला अजून तोंडपाठ होते.

“पुढे... मीच बोललो,” तो हळूच म्हणाला. “सहा महिन्यांनी पुन्हा प्रयत्न करता येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. ते सांगितलं तिला.”

“मग?”

“मग ती ‘बरं’ म्हणाली.”

एवढं बोलला आणि त्याला रडू फुटलं. बाळ गेल्यापासून तो रडला नव्हता. सवडच काढली नव्हती. परक्या माणसासमोर हे असं होतंय याची त्याला लाजही वाटत होती, पण आवरत नव्हतं.

बुवा काही बोलले नाहीत. त्यांनी पाठीवर हात ठेवला नाही, पाणी पुढे केलं नाही. वाल खाली ठेवले आणि समोर बसून राहिले.

मठातलं मांजर येऊन उंबऱ्यावर बसलं. अंग चाटत राहिलं. घाटावर कुणीतरी कपडे आपटत होतं, ते थांबलं. परातीवरचं ऊन सरकून भिंतीवर गेलं. मांजर उठून निघून गेलं.

...

बऱ्याच वेळानं अभिराम उठला. नळावर तोंड धुतलं, पायात चपला सरकवल्या. बरंच हलकं वाटत होतं, आणि का, ते त्याला सांगता आलं नसतं. पण जित्याची खोड. पायरीवरून तो मागे वळला.

“मग बुवा, आता साताऱ्याला गेल्यावर तिला नेमकं सांगू काय?”

“तिचं वाक्य अर्धं राहिलंय,” बुवा म्हणाले. “ते पुरं झालं, की मला सांगायला येऊ नका.”