सातवी गिसेला

फार पूर्वी, जिथे निम्मं वर्ष बर्फाखाली जातं अशा एका थंड मुलखात एक राजघराणं होतं. तिथली रीत अशी, की थोरल्या मुलीचं नाव गिसेलाच ठेवायचं. पणजी गिसेला, आजी गिसेला, आई गिसेला. दुसरं नाव म्हणून कुणाला सुचायचंच नाही.

राज्याभिषेकाची रीत तर त्याहून न्यारी. कोणत्या गिसेलाने काय केलं, हे वेगवेगळं सांगत नसत. भालदार नव्या राणीकडे हात करून ललकारी द्यायचा, "गिसेलाने गड राखला!" आता, गडाला वेढा पडला तेव्हा हिचा जन्मही नव्हता. पण राणीने मान झुकवायची आणि लोकांनी टोप्या उडवायच्या.

सातव्या गिसेलाचा दिवस उजाडला. पोर सतरा वर्षांची. मुकुटाच्या भाराने मान अवघडलेली. पण एकेक ललकारी ऐकताना तिचा ऊर भरून येत होता.

"गिसेलाने पूल बांधला!"

"गिसेलाने दुष्काळात कोठारं उघडली!"

"आणि गिसेलाने आमचं पाणी पळवलं!"

ही ललकारी भालदाराची नव्हती. चौकातल्या साऱ्या माना मागे वळल्या. काठी टेकत एक म्हातारी गर्दीतून पुढे आली. खालच्या खोऱ्यातली होती ती.

"काय म्हणालात, आजीबाई?" राणीने विचारलं.

"खरं तेच म्हणाले. तुमच्या बागेतलं तळं भरलंय ते आमच्या ओढ्याला बांध घालून. आमच्या लेकीसुना डोंगर चढून-उतरून पाणी आणतात. आमच्या गावात गिसेला हे नाव मारक्या शेळीला ठेवतात, राणीसाहेब!"

मागे कुणीतरी खुदकन हसलं. प्रधान लालबुंद झाला. "ए म्हातारे, तोंड सांभाळ! तळं केलं ते यांच्या पणजीने. तेव्हा राणीसाहेब जन्मल्याही नव्हत्या. त्यांचा काय दोष?"

राणीला सुटल्यासारखं वाटलं. खरंच की! शिवाय ते तळं म्हणजे तिचा जीव की प्राण. आईचं बोट धरून ती तिथल्या हंसांना पाव भरवायची. आई गेली, तेव्हा त्याच काठावर बसून रडली होती.

ती प्रधानाच्या बोलण्याला मान डोलावणार, एवढ्यात तिच्या मनात आलं, गडाच्या वेळी तरी मी कुठे होते?

ती प्रधानाकडे वळली. मग हळूच म्हणाली, "प्रधानजी, गड राखला तेव्हाही मी जन्मले नव्हते. ती ललकारी झाली तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत."

"ती रीत आहे, राणीसाहेब."

"मग रीत अर्धीच कशी पाळायची? बांध फोडा."

"अहो, तळं आटेल!"

"माहीत आहे मला," ती म्हणाली. पण शब्द मागे घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी बांध फुटला. आठवड्याभरात तळ्याचा चिखल झाला. हंस दोन दिवस त्यातच घोटाळले आणि मग उडून गेले. राणी खूप रडली. चांगलं काम केलं की लगेच बरं वाटतंच असं नाही, बाळांनो. कधी कधी आधी दुखतं.

महिन्याभराने ती एकटीच ओढ्याच्या काठाकाठाने खाली गेली. बायका धुणं बडवत होत्या. राणीला पाहून साऱ्याजणी लगबगीने उठल्या. ती म्हातारी तेवढी बसून राहिली. तिने पदराने शेजारचा दगड पुसला.

"ये गं गिसेला," ती म्हणाली. "बस अशी. पाय सोड पाण्यात. गार आहे, पण आपलं आहे."

तात्पर्य: वाडवडिलांची कीर्ती आपली म्हणून मिरवायची असेल, तर त्यांची चूकही आपली म्हणूनच निस्तरावी.