ऐरणवाडीचा खाचांचा धोंडा

ऐरणवाडीच्या वेशीबाहेर कमरेएवढा काळा धोंडा आहे. त्याच्या अंगावर खाचाच खाचा. येणाऱ्या पाहुण्याला वाटते, इथे मोठी लढाई झाली असावी. लढाई कसली! जुनी माणसे आवाज खाली आणून सांगतात, त्या लाजेच्या खुणा आहेत.

फार पूर्वी इथे भानजी लोहार होता, म्हणे. मुशीत पोलाद वितळवून तो तलवारी घडवी. पाते हिराकशीच्या पाण्याने घासले की त्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटे. साध्या पोलादाला तो नाक मुरडी. नक्षी उमटली की पाते मोडायचे नाही, असे छातीठोक सांगे.

गावाची राखण करणाऱ्या हैबती नाईकासाठी त्याने एक तलवार घडवली. तापलेले पाते पाण्यात बुडवताना 'टिंग' असा बारीक आवाज आला. हा आवाज पाते तडकल्याचा, हे लोहाराच्या सुनेलाही कळते. पण पुढे पाते घासल्यावर उमटली तितकी देखणी नक्षी त्याला आजवर साधली नव्हती. त्याने ऐकून न ऐकल्यासारखे केले.

"भानजीदादा, एकदा दगडावर मारून बघू की," हैबती म्हणाला.

"हळद लागलेली नवरी कुणी धोंड्यावर आपटतं व्हय?" भानजी हसला. भोळा हैबतीही हसला.

महिन्याभरात खिंडीत दरोडेखोर आले. पहिल्याच घावाला तलवार मोडली आणि हैबतीचा उजवा हात मनगटापासून गेला. त्याची बायको सारजा तलवारीचे दोन्ही तुकडे फडक्यात बांधून भानजीकडे आली.

"दादा, धनी म्हणत्यात, तलवार चांगलीच हुती, माझाच हात चुकला आसंल. खरं हाय का?"

धरणीने पोटात घ्यावे, असे भानजीला झाले. नुसते 'हो' म्हटले असते तरी त्याचे नाव राहिले असते.

"न्हाई बाय. तडकल्याचा आवाज म्या ऐकला हुता."

मग त्याने घरातली सगळी पाती वेशीबाहेर नेली आणि गावादेखत धोंड्यावर मारली. नक्षीची काही टिकली, काही मोडली. साध्या कोयत्यांचेही तेच झाले. जन्मभर आपण नुसती नक्षी पुजली, हे तेव्हा त्याला उमगले, असे सांगतात. पुढे मरेपर्यंत तो मान खाली घालूनच चालला.

आजही ऐरणवाडीचा लोहार नवे पाते गिऱ्हाइकासमोर या धोंड्यावर मारतो, आणि तापल्या पात्याला पाणी देताना काय ऐकले ते स्वतःहून सांगतो. हैबतीच्या वंशातले कुणी कोयता न्यायला आले, तर तो आधी वाकून त्याच्या उजव्या हाताला कपाळ लावतो, आणि मगच त्या हातात कोयता देतो.