कान्होशेटाचा ठोका

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. वेढेगावात विचारलंत तर म्हातारी माणसं नदीकडे हात करून एवढंच सांगतात, "तवा ही नदी तिकडून वाहायची." तेवढ्यावर समाधान मानायचं आणि गोष्ट ऐकायची.

तर या वेढेगावात कान्होशेट नावाचा सोनार होता. हात असा, की त्याने घडवलेली नथ बाईच्या नाकात कुठून शिरते ते तिच्या सासूलाही दिसायचं नाही, असं म्हणतात. पण गंमत बघा, सोन्यात त्याचा जीव नव्हता. त्याचा जीव होता कातड्यात. दिवसभराचं काम उरकलं की तो मागच्या खोलीत शिरायचा, दाराला आतून कडी घालायचा, कातड्याचा तुकडा ओला करून पाटावर पसरायचा आणि दागिन्यांचे ठसे त्यावर ठोकायला लागायचा. वेली, पोपट, कमळं. डाळिंबाच्या साली उकळून पिवळा रंग करायचा, पळसाच्या फुलांचा केशरी. लोखंडाचा कीस गुळाच्या पाण्यात कुजवून काळा करायचा. हा काळा फार हट्टी. हिरड्यात मुरलेल्या कातड्याला लागला की निघत नाही, आणि बोटांना लागला तर महिना महिना जात नाही.

हे सगळं तो शिकला सटवाबांकडून. सटवाबा गावकुसाबाहेर कातडं कमवायचे. सोनाराने त्यांच्या अंगणात बसावं असा तो काळ नव्हता. कान्होशेट उपरण्यात तोंड लपवून जायचा आणि कुणी हटकलंच तर हरवलेल्या म्हशीचं निमित्त सांगायचा. सटवाबांनी हातचं काही राखलं नाही. शेटने मात्र त्यांच्याकडून विद्या घेतली, पाणी घेतलं नाही. चारचौघांत त्यांचं नावही घेतलं नाही. आपल्या आवडीची त्याला अशी लाज वाटायची. पुढे त्याला कळणार होतं, की ही लाज खोटी होती आणि खरी लाज निराळीच असते.

आता नदीचं सांगतो. उन्हाळ्यात ती आटायची, मैलभर वाळू उघडी पडायची आणि निम्मं गाव त्या वाळूत टरबुजं लावायचं. पण नदी ती नदी. वर डोंगरात वळीव कोसळला की इकडे लख्ख ऊन असतानाच पाणी यायचं, भिंतीसारखं. म्हणून घाटाच्या बुरुजावर एक नगारा होता आणि त्याच्यापाशी जिवबा नगारची बसलेला असायचा. त्याच्या बापजाद्यांपासून ते काम त्यांच्याकडे होतं. पाण्याची रेघ दिसली की जिवबा नगारा झोडायचा. आवाज ऐकला की हातातलं टाकायचं आणि काठ गाठायचा, हे पोराटोरांनाही ठाऊक होतं. वाळूतलं सगळं गाव त्या एका आवाजाच्या भरवशावर असायचं.

एका वर्षी नगाऱ्याचं कातडं फाटलं. सटवाबांनी नवं कमावलं. आणि त्याच सुमाराला कान्होशेटचं गुपितही फुटलं. त्याने चोरून केलेला एक रंगीत बटवा कुणाच्या तरी हाती लागला, चावडीवर फिरला, आणि काय आश्चर्य, कुणी नाव ठेवलं नाही. उलट जो तो म्हणाला, "वा शेट! ह्ये आमच्यापास्नं लपवून ठेवलंत व्हय?" झालं! इतकी वर्षं दाबून ठेवलेली हौस डोक्यात गेली. कान्होशेट म्हणाला, "नगाऱ्याचं कातडं आठ दिवस माझ्याकडे द्या. असा नगारा करून देतो, की पंचक्रोशी बघायला येईल."

सटवाबांनी कातडं दिलं, पण सोडताना हातात धरून ठेवलं. म्हणाले, "शेट, कडंला काय करायचं ते करा, पट्ट्यावर करा. मधी हात लावू नका. दागिना गळ्याभोवती शोभतो. घशात कोंबला तर माणूस बोलंल कसा?"

शेटने मान हलवली. मान हलवायला काय लागतं!

घरी गेल्यावर ते कोरं, ताणलेलं, दुधासारखं कातडं बघितलं आणि त्याच्याने राहवलं नाही. आधी कडेला वेल काढली. वेलीला मोर हवा वाटला. मोराला नदी हवी वाटली. ठशांवर ठसे पडले, रंगांवर रंग चढले, आणि ते उडू नयेत म्हणून वर लाखेचे सात हात दिले. त्या मोरांवर माश्या बसायच्या नाहीत, उडतील म्हणून भ्यायच्या, असं म्हणतात.

देवीच्या जत्रेला नगारा मढवला. देवळाच्या आवारात वाजवला तेव्हा लोक बघतच राहिले. बघतच राहिले, हे नीट ध्यानात घ्या. ऐकलं कुणी नाही. चार भिंतींच्या आत पत्र्याचा डबासुद्धा घुमतो. एकटा जिवबा हळूच म्हणाला, "शेट, आवाज बसलाय."

कान्होशेटनेही ऐकलं होतं. पहिल्या ठोक्यालाच ऐकलं होतं. पण भोवती माणसं मोरांकडे बोट दाखवत होती. तो म्हणाला, "नवं आहे. वाजून वाजून सुटेल."

चैत्र संपता संपता ते घडलं. भर दुपारी जिवबाला वरच्या अंगाला तपकिरी रेघ दिसली. त्याने टिपऱ्या उचलल्या आणि जीव खाऊन नगारा झोडला. भद्द, भद्द, भद्द. ओल्या गोधडीवर काठी मारावी तसा आवाज. घाटाजवळच्यांनी ऐकला, ते धावले. त्यांनी हाका मारल्या, पुढचे धावले. पण नदीच्या वळणापलीकडे शेवटचा मळा होता भिवा कोळ्याचा. भिवा मुलीला घेऊन बाजाराला गेला होता आणि मळ्यात त्याची बायको द्वारका एकटी होती. हाका तिथवर पोचल्या नाहीत. जुना नगारा त्याच्याही पुढे दोन गावं ओलांडून जायचा.

पाणी ओसरल्यावर द्वारकाची टोपली सापडली. द्वारका सापडली नाही.

भिवा घाटावर आला. तो रडला नाही, ओरडला नाही. जिवबासमोर उभा राहून म्हणाला, "तुझा डोळा लागला व्हता. खरं सांग." जिवबा म्हणाला, "न्हाई रं, आईशपथ न्हाई." पण गावाने ठरवून टाकलं. कुणी म्हणालं, झोपला. कुणी म्हणालं, प्यायला होता. मोरांवर कुणाचा संशय गेला नाही. इतक्या देखण्या वस्तूवर कोण संशय घेतो?

एकच माणूस होता ज्याला खरं ठाऊक होतं. तो गर्दीत मागे उभा होता आणि त्याचे दोन्ही हात उपरण्याखाली होते.

कारण त्या दिवशी घरी येऊन हात धुताना कान्होशेटला दिसलं, की बोटांच्या टोकांचा काळा रंग गेलेला नाही. महिना होऊन गेला होता. त्याने शिकेकाई लावली, लिंबू चोळलं, राखेने घासलं. सकाळी बघतो तर काळा रंग पेरांवर चढलेला. दुसऱ्या दिवशी तळहातावर. गप्प राहिल्याच्या एकेका दिवसाला रंग एकेक बोट वर सरकायचा, असं म्हणतात. लोकांच्या तोंडाला काळं फासायला चार माणसं लागतात. याने आपलं आपण, गुपचूप, हाताला फासून घेतलं होतं.

बोलायचं ठरवून तो रोज घरातून निघायचा. चावडीच्या पायरीपर्यंत जायचा. तिथे कुणीतरी म्हणायचं, "या शेट, बसा," आणि त्या मानाच्या जागेवर बसलं की तो पावसापाण्याचं बोलून परत यायचा. मी असं मुद्दाम थोडंच केलं, तो स्वतःला सांगायचा. मग द्वारकाची टोपली आठवायची आणि स्वतःचीच किळस यायची. आरशात बघणं त्याने सोडून दिलं.

द्वारकाच्या तेराव्यानंतर पंच बसले. जिवबाला बोलावलं. त्याने न सांगताच टिपऱ्या पंचांपुढे ठेवल्या आणि उजवा हात पुढे केला. तो वाळक्या फांदीसारखा झाला होता. "डोळा लागला न्हवता," तो म्हणाला, "पर आवाज निघाला न्हाई, ह्ये खरं. म्हंजी हातच मेला माझा. द्वारकाला म्याच मारलं." आणि तो म्हातारा सगळ्यांदेखत लहान मुलासारखा रडला. दुसऱ्या दिवशी गाव सोडतो म्हणाला.

कान्होशेट तिथेच होता. तीन हातांवर होता. तरी बोलला नाही.

घरी आला तेव्हा काळा रंग कोपरापर्यंत पोचला होता. बायको सुंदराबाई पाणी घेऊन आली, तेव्हा उपरणं सरकलं. तिने हात बघितले. नगारा रंगवताना तिने लाखेचे हात मोजले होते आणि द्वारकाच्या मुलीला जवळ घेऊन ती बसलीही होती. तिला सांगावं लागलं नाही. तांब्या खाली ठेवत ती म्हणाली, "अहो, धुऊन जायचं नाही ते. बोलून जातंय का बघा."

सकाळी बाजार भरला होता. कान्होशेट बुरुजावर चढला, नगारा उतरवला आणि डोक्यावर घेऊन भर बाजारातून चालू लागला. उपरणं घरी ठेवलं होतं. काळे हात सगळ्यांना दिसत होते. लोक मागे मागे आले. शेटच्या निरोपावरून सटवाबाही रापी आणि कोरं कातडं घेऊन आले होते. घाटाच्या पायरीवर जिवबा गाठोडं घेऊन नावेची वाट बघत होता. भिवाही तिथे होता, कारण तो त्या दिवसापासून तिथून हलला नव्हता.

कान्होशेट म्हणाला, "तुमच्यातले चौघं वळणापलीकडे जाऊन उभे राहा. ऐकू आलं तर हात वर करा."

चौघं गेले. शेटने आपल्या काळ्या हातांनी नगारा बडवला. हाताची सालं निघेपर्यंत बडवला. वळणावर एकही हात वर झाला नाही.

"जिवबाचा हात मेला नव्हता," तो म्हणाला. "मी नगाऱ्याचा गळा दाबला. सटवाबा, माझे गुरू, त्यांनी मला बजावलं होतं. जिवबानेही सांगितलं होतं. मला ऐकू आलं होतं. तुम्ही वाहवा करत होतात, मला ती सोडवेना. आणि त्यानंतर सतरा दिवस मी गप्प बसलो. पहिली चूक झाली असेल. हे सतरा दिवस मात्र मी जाणूनबुजून केले."

मग त्याने सटवाबांच्या हातातली रापी, ती कातडं कापायची सुरी, घेतली आणि आपल्या आयुष्यातलं सगळ्यात सुंदर काम मधोमध चिरलं. मोर ओरडले, असं म्हणतात. मी ऐकलेलं नाही, पण सांगणारे ठामपणे सांगतात.

सटवाबांनी तिथेच आणलेलं कोरं कातडं चढवलं. जिवबाने वाळक्या हातात टिपरी धरली आणि पहिला ठोका दिला. तो तीन गावं ओलांडून गेला. पैलतीरावरच्या म्हशी उठून उभ्या राहिल्या, नदी क्षणभर थबकली, आणि जिवबाच्या हातात खांद्यापासून बोटांपर्यंत रक्त उतरलं.

कान्होशेट भिवाच्या पायांशी बसला होता. भिवा बराच वेळ त्या आवाजाकडे कान लावून होता. मग म्हणाला, "शेट, ऐकलं म्या. आता माफी मागू नका. ती माझ्यापाशी न्हाई." आणि तो आपल्या मळ्याकडे निघून गेला.

कान्होशेटच्या हातांचा काळा रंग गेला नाही. फक्त वर चढायचा थांबला. कातडकाम त्याने सोडलं नाही, सटवाबांनी सोडू दिलं नाही. त्यांच्याच अंगणात, दिवसाढवळ्या बसून तो वाळूत राबणाऱ्यांसाठी वहाणा करायचा, पट्ट्यांवर वेली काढायचा. उन्हाळा आला की बुरुजावर जिवबाशेजारी बसून पाणी राखायचा. वाहवा करणाऱ्याकडे तो मान वर करून बघत नसे. तो म्हातारा होऊन गेला तोवर त्या वाळूत पुन्हा माणूस बुडालं नाही.

वेढेगाव अजून टरबुजं लावतं. बी टोकायच्या दिवशी नगारा घाटावर आणतात. कडेला, पट्ट्यांना हवी तेवढी नक्षी, ज्याला हौस असेल त्याने काढावी; मधल्या कातड्याला कुंकवाचं बोटसुद्धा लागत नाही. मग सगळे वाळूत बसतात आणि वाट बघतात. कुणीतरी उठायचं, पुढे यायचं आणि ज्या चुकीचा बोल दुसऱ्याला लागला ती आपली होती असं त्या दुसऱ्याचं नाव घेऊन सांगायचं. मग नगाऱ्यावर एक ठोका द्यायचा. त्याला कान्होशेटाचा ठोका म्हणतात. त्यावर कुणी एक शब्द बोलायचा नाही, माफ केलं असंही म्हणायचं नाही. आणि निदान एक ठोका पडल्याशिवाय बी टोकायचं नाही.

एखाद्या वर्षी पटकन होतं. एखाद्या वर्षी दुपार होते, वाळू तापते, आणि सगळं गाव आपापल्या पायांच्या अंगठ्याकडे बघत बसून राहतं. मागच्या वर्षी असंच झालं. शेवटी काठी टेकत साळूआजी उठल्या. वय नव्वदीच्या घरात. म्हणाल्या, "नवी नवरी व्हते तवा तुपाची बरणी म्या फोडली. मार जावेनं खाल्ला. इंदिरानं. ती जाऊन तीस वर्सं झाली." ठोका अगदी हलका पडला, तरी वळणापलीकडच्या मळ्यात ऐकू आला. मग इंदिराची सून उठली, साळूआजींना हाताला धरून सावलीत नेलं, आणि गावाने बी टोकायला घेतलं.