थोरल्याच्या तोंडावरचा पिसारा

फार मागची नाही, पण मागचीच गोष्ट. येवल्यात राहत होते विणकर गंगाधर, त्याची बायको शेवंता आणि त्यांचे दोन कॉम्प्युटर. थोरला म्हातारा, पडदा हेच त्याचं रुंद तोंड, मेंदू तोंडामागेच बसवलेला. तो जागा होईतो चहा उकळून खाली उतरे. धाकटा लॅपटॉप चपळ, पण तोंड वीतभर.

पैठणीच्या पदराची नक्षी शेवंता धाकट्यावर काढी. मोराचं डोकं दिसे तेव्हा पिसारा दिसेना. दोनदा मधली वेल चुकली, दोनदा विणलेलं उसवावं लागलं. आता चुकलं तर गिऱ्हाईक जाणार. म्हणून धाकट्याची नक्षी थोरल्याच्या रुंद तोंडावर दिसावी, अशी तिनं वायरीनं दोघांची जोडणी केली.

थोरला फुगून बसला. "मी माझ्या डोक्यानं चालणारा. दुसऱ्याचं चित्र तोंडावर मिरवू?"

"आजोबा, डोकं माझ्याकडे आहे, जागा तुमच्याकडे," धाकटा म्हणाला.

"गोड बोलू नकोस."

थोरल्यावर नक्षी उमटेना, तशी शेवंता वैतागली. "अहो, उद्या हा भंगारात द्या," म्हणत ती मागावर नवऱ्याशेजारी बसली.

मागावर दुसरी पैठणी होती. थोरला बघत राहिला. एकाच पदरावर डावा मोर शेवंताचा, उजवा गंगाधरचा. मधली वेल आली की दोघं थांबत, एकमेकांचा धागा बघत नि पुढं जात. मोर कुणाचा, हे कुणी विचारत नव्हतं.

थोरल्यानं आपलं चित्र मिटलं. "आण रे तुझा पिसारा."

शेवंता उठून येऊन बघते तर सगळा पदर समोर, आणि वेल एक घर सरकलेली. तिनं ती जुळवली. त्या नक्षीची पैठणी नेसून गिऱ्हाइकाकडची नवरी मिरवली, तिच्यामागून गिऱ्हाइकं आली. आज त्या घरी माग दोन आहेत, आणि भंगारवाला आला की चहा पिऊन रिकामाच परत जातो.