शिलास पंच दूध मागायला जातो

नगरकडच्या मुलखात, नदीच्या थडीला करंजथडी नावाचं लहान गाव आहे. मल्हारी महाराज त्या गावी आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर घोंगडी होती, हातात एकतारी होती, आणि तोंडात प्रभू येशूचं नाव होतं. महाराज धनगराच्या पोटी जन्मलेले. बाप्तिस्मा झाला तरी नाव त्यांनी बदललं नाही. कुणी छेडलं तर म्हणायचे, हे नाव आईनं ठेवलंय आणि प्रभूला त्या नावानं हाक मारता येते, मग तुमची अडचण काय? गावाबाहेर दगडी भिंतींचं एक छोटं चर्च होतं. त्याच्या ओसरीवर महाराजांनी घोंगडी अंथरली आणि तिथंच राहिले. संध्याकाळी भजन, सकाळी ज्याच्या दारी काम असेल त्याच्या दारी हात लावणं, एवढाच त्यांचा दिनक्रम.

त्या चर्चमध्ये दोन आळ्यांचे लोक यायचे, वरच्या आणि खालच्या. वरच्या आळीला गावानं पिढ्यान्‌पिढ्या शिवेबाहेर ठेवलं होतं. मिशनची शाळा आली, लोक शिकले, ख्रिस्ती झाले, ताठ उभे राहिले. छान झालं. पण ताठ उभं राहताच त्यांनी पहिलं काम कोणतं केलं असेल, तर आपल्याही खाली कुणी आहे का ते शोधलं. खालची आळी सापडली. ती माणसं घायपाताची पानं कुजवून, ठेचून त्यांच्या धाग्यांचे दोर वळणारी. तीही बाप्तिस्मा घेऊन आली, त्याच प्रभूपुढं गुडघे टेकू लागली, आणि आमच्या या शिकलेल्या ख्रिस्ती बांधवांनी त्यांच्यासाठी दुसरा प्याला ठेवला.

होय मंडळी, दुसरा प्याला. महिन्यातून एकदा पाळक यायचे, प्रभुभोजन व्हायचं, प्रभूचं शरीर म्हणून भाकर आणि रक्त म्हणून द्राक्षरस सगळ्यांनी घ्यायचा. वरच्या आळीसाठी चांदीचा मुलामा दिलेला प्याला, खालच्या आळीसाठी पितळेचा. प्रभूचं रक्त एक आणि भांडी दोन. पाळक बघायचे आणि गप्प राहायचे.

ही व्यवस्था वरच्या आळीच्या शिलास पंचाची, चर्चचा कारभार त्याच्याकडं होता. पंच सातवी शिकलेला, रविवारी काळा कोट घालणारा, अक्षर मोत्यासारखं. त्याला कुणी जातीचा माणूस म्हटलं तर तो चवताळायचा. जात नाही हो, म्हणायचा, स्वच्छतेचा प्रश्न आहे. घायपात पंधरा पंधरा दिवस पाण्यात कुजवतात, तो वास त्यांच्या अंगाला असतो, तोच प्याल्याला लागतो. बोलताना त्याला स्वतःलाही ते खरं वाटायचं. माणूस स्वतःशी किती सफाईनं खोटं बोलू शकतो ते बघायचं असेल तर शिलास पंचाकडं बघावं.

महाराज आले त्या महिन्यात प्रभुभोजनाला ते उठून खालच्या आळीच्या रांगेत बसले आणि पितळेच्या प्याल्यातून प्याले. पंचाला ते झोंबलं. पण बाबा पडले धनगर, त्यांना रीतभात काय कळणार, असं म्हणून त्यानं मनाची समजूत घातली.

खालच्या आळीत इठाबाई राहायची. कोंडिबाची बायको. तिचं पहिलंच लेकरू दोन महिन्यांचं होऊन तापात गेलं. दफनभूमीतही आळ्या होत्या. पंचानं त्या लेकराला नाल्याकडची जागा दाखवली, जिथं पावसाळ्यात माती वाहून जाते, आणि तो स्वतः दफनाला आला नाही. तरी पुढच्या रविवारी इठाबाई चर्चमध्ये आली. मागं दाराशी बसली आणि सगळ्यांबरोबर गायली. मध्येच तिचा आवाज फुटायचा, ती पदरानं तोंड पुसायची आणि पुन्हा गायची.

उपासना संपल्यावर अंगणात पंच चारचौघांत उभा होता. ती जवळून जाताना तो म्हणाला, "इठे, एवढं गळा काढून गातेस, पण तुझी प्रार्थना वर पोचलेली दिसत नाही. तुझ्या आधी तुझा वास पोचला असेल."

चारचौघं हसली. ती थांबली नाही. महाराजांनी ओसरीवरून ते ऐकलं. त्यांनी पंचाकडं एकदा पाहिलं, एकतारी भिंतीला टेकवली आणि इठाबाईच्या मागोमाग खालच्या आळीत गेले. तो सगळा दिवस ते तिच्या आणि कोंडिबाच्या शेजारी बसून घायपात ठेचत होते. परतले तेव्हा त्यांच्याही अंगाला तो वास येत होता. पंचानं नाकाला रुमाल लावला.

तीन आठवडेही गेले नसतील. पंचाचा एकुलता मुलगा आमोस पलटणीत, दूर मुलखात. त्याची बायको मार्था बाळंत झाली, मुलगा झाला, आणि चौथ्या दिवशी तापानं मार्था गेली. घरात उरले पंच, त्याची बायको रुथाबाई आणि ते चार दिवसांचं पोर.

पोराला शेळीचं दूध दिलं, ओकलं. गाईच्या दुधात पाणी घालून चोचीच्या बोंडल्यानं पाजलं, तर हगवण लागली. कापसाची वात बुडवून तोंडात धरली, ते तोंड फिरवायचं. वरच्या आळीत अंगावर पाजणारी एकच बाई, तिला जुळी, तिच्याच पोरांना पुरत नव्हतं. आठव्या दिवशी पोराच्या टाळूला खड्डा पडला. रडणंही थांबलं, नुसतं तोंड उघडायचं आणि मिटायचं.

रुथाबाई नवऱ्याला म्हणाली, खालच्या आळीत इठा आहे, तिचं लेकरू आत्ताच गेलंय. पंच तिच्यावर खेकसला. मग तासाभरानं त्यानंच बोंडलं धुऊन पुसून काढलं, एका फडक्यात बांधलं आणि एका म्हाताऱ्या गड्याच्या हाती खाली पाठवलं. निरोप असा की यात दूध काढून दे, कुणाला सांगू नको, लुगडं देऊ. म्हणजे दूध चालत होतं. ज्या बाईचं दूध, ती बाई उंबऱ्यात चालत नव्हती.

बोंडलं रिकामं परत आलं. दूध आटलंय, असा निरोप होता.

पंच पेटला. सूड उगवतेय, म्हणाला. तसाच तरातरा चर्चच्या ओसरीवर गेला. महाराज एकतारीची तार बदलत होते. त्यानं सगळं ओकून टाकलं, आणि शेवटी म्हणाला की तुम्ही त्या लोकांत ऊठबस करता, तिला समजावा, नाहीतर प्रार्थना करा, काहीतरी करा.

महाराज म्हणाले, "दूध खरंच आटलंय तिचं. छातीला फडकं बांधून बसली होती, मी पाहिलंय. ती खोटं बोलत नाही."

"मग पोर मरू दे?"

महाराजांनी तार खाली ठेवली. म्हणाले, "शिलासा, तू एवढी वर्षं प्रभूचं नाव घेतोस. तुला ठाऊक आहे, तो एकदा भर दुपारी थकून परक्यांच्या विहिरीवर बसला होता. पाण्याला एक बाई आली. तिच्या लोकांच्या हातचं याचे लोक पीत नव्हते. त्यानं काय केलं? भांडं पाठवलं का कुणाच्या हाती?"

पंच हातातला रुमाल चुरगाळू लागला.

"मागितलं त्यानं. मला प्यायला दे म्हणाला, तिच्याच घागरीतलं. ज्यानं समुद्र केला त्यानं घोटभर पाण्यासाठी तिच्यापुढं हात केला. म्हणून ती बाई बदलली, आणि तिच्यामागून तिचं गाव बदललं. तुझ्या हातून हात पुढं करणं होत नाही, एवढंच तुझं दुखणं आहे. जा. पोराला घेऊन जा. आणि रुमाल इथंच ठेव."

पंच घरी आला. रुथाबाईच्या मांडीवरून त्यानं पोर उचललं. त्याचं वजन लागलं नाही, तेव्हा तो पहिल्यांदा खरा भ्याला. काळा कोट खुंटीला होता, तो घालावा असं क्षणभर त्याच्या मनात आलं. नाही घातला. भर दुपारी, सगळी वरची आळी दारात उभी राहून बघत असताना, शिलास पंच उघड्या डोक्यानं उतरण उतरून खालच्या आळीत गेला. त्या आळीत त्यानं पाऊल टाकलं नव्हतं त्याला बारा वर्षं झाली होती.

इठाबाई दारात घायपाताचे वाख, ते ठेचून काढलेले धागे, पिंजत होती. कोंडिबा पलीकडं दोर वळायचं चाक फिरवत होता, तो थांबला. तिनं वर पाहिलं, पोराकडं पाहिलं आणि पुन्हा मान खाली घालून हात चालू ठेवले.

पंचानं वाटेत शब्द जुळवले होते. एकही आठवला नाही. "इठाबाई," तो म्हणाला, आणि त्या आळीनं त्याच्या तोंडून हे नाव असं पहिल्यांदाच ऐकलं, "माझं पोर मरतंय. मी मागायला आलोय."

ती उठली आणि आत गेली.

पंच उन्हात उभा राहिला. किती वेळ, ते त्याला पुढं कधी नीट सांगता आलं नाही. महाराज मागून येऊन शेजारच्या ओट्यावर बसले होते. त्यांनी मध्ये तोंड घातलं नाही. मंडळी, त्या बाईनं दार लावून घेतलं असतं तरी मी तिला दोष दिला नसता. ज्यांना द्यायचा त्यांनी आधी आपलं लेकरू नाल्याकडं पुरून यावं.

ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि हात कोपरापर्यंत धुतलेले होते. ती म्हणाली, "पंच, मला तुमचा राग आहे. खोटं कशाला सांगू? सकाळी तुमचं भांडं आलं तेव्हापासून प्रभूशी भांडतेय. म्हटलं, मला हे सांगू नको. दुसरं काही सांग, हे नको. ऐकत नाही तो. म्हणतो, माझं लेकरू आहे ते."

मग तिनं हात पसरले. "दूध नाही माझ्याकडं. पण आणा. चोखू तर द्या."

तिनं पोर पदराखाली घेतलं. सुरुवातीला ते नुसतं तोंड लावून पडून राहिलं. तिनं त्याच्या गालाला बोट लावलं, तळपायाला टिचकी मारली. महाराजांनी हलक्या आवाजात भजन धरलं. एकेक करून आळीतल्या बायका जमल्या, त्यांनी सूर उचलला. पोर ओढू लागलं. काही येत नव्हतं, तरी ओढत होतं. इठाबाईच्या कपाळाला घाम आला. एक बाजू झाली, दुसरी झाली. सावली भिंतीवरून सरकून दाराशी आली, आणि भजन सुरूच होतं. मग इठाबाई एकदम सरळ बसली. पोराच्या घशातून गुटगुट आवाज आला. त्याच्या ओठाच्या कडेनं पांढरा थेंब ओघळला.

आता कुणी म्हणतं की लेकरू चोखायला लागलं की आटलेलं दूध परत येतं, सुइणींना हे ठाऊक असतं. म्हणोत. मला वाद घालायचा नाही. माझ्या मते चमत्कार झाला तो दुधाच्या आधी, त्या बाईनं हात पसरले तेव्हा. वाळल्या अंगात दूध आणणं प्रभूला काय जड? भरल्या रागात माया आणणं, ते जड.

पंच म्हणाला, आमच्या घरी चल, खाट देतो, वेगळी खोली देतो. इठाबाई म्हणाली, मला दोर वळायचेत, पोर इथंच राहील. तेव्हा पंचाला रोज खाली यावं लागलं. आणि मंडळी, त्याचं मन एका दुपारीत पालटलं असं मी सांगणार नाही, कारण ते खोटं होईल. तिसऱ्या दिवशीसुद्धा तो तिच्याकडून घेतलेल्या पोराचे हात आपल्या धोतरानं पुसत होता. पाचव्या दिवशी त्याला तहान लागली आणि त्यानं पाणी मागितलं. इठाबाईनं तांब्या दिला. तो प्याला. पुढं कधीतरी तो कोंडिबाशेजारी बसून वाख ओलावून देऊ लागला. त्याच्या हातांना वास लागला, आणि घरी गेल्यावर ते धुवायचं त्याच्या ध्यानातच राहिलं नाही.

एके सकाळी तो एकटाच फावडं घेऊन दफनभूमीत गेला. नाल्याकडच्या त्या चिमुकल्या मातीभोवती त्यानं दगडांचा बांध घातला. दुपारपर्यंत काम चाललं. मग रुथाबाईला जाऊन म्हणाला की माझा दिवस येईल तेव्हा मला तिथं, त्याच्या शेजारी ठेवा.

महिना भरला, पाळक आले. मेजावर एकच प्याला होता. दुसरा कुठंय, असं त्यांनी विचारलं. पंच म्हणाला, तो गेला, परत येणार नाही. वरच्या आळीतले दोघं रागानं उठून गेले. त्यांना कुणी थांबवलं नाही.

उपासना संपली, माणसं अंगणात आली. शिलास पंच सगळ्यांसमोर महाराजांच्या पायांवर वाकला. महाराजांनी पाय मागं घेतले.

"माझे पाय कशाला धरतोस? मी काय दिलं तुला?" महाराज म्हणाले. "ज्याचं हे देणं आहे त्या प्रभूनं स्वतःच शिष्यांचे पाय धुतले. त्याला मानत असशील तर कुणापुढं वाकायचं, ते तुला ठाऊक आहे."

इठाबाई चिंचेखाली उभी होती, छातीशी पोर. पंच तिकडं गेला. ज्या अंगणात त्यानं तिला ते शब्द ऐकवले होते त्याच अंगणात, ते ऐकून हसलेल्या चारचौघांच्या देखत, तो गुडघ्यांवर बसला आणि तिच्या पायांशी कपाळ टेकून हुंदके देऊ लागला. बाई बावरली. तिनं महाराजांकडं पाहिलं. महाराजांनी डोळे मिटले होते.

पोर किरकिरू लागलं.

"उठा, पंच," इठाबाई म्हणाली. "उठा, बाजूला व्हा. बसू द्या मला. पोराला भूक लागलीय."