बिनकल्हईचा गडू

एका गावात एक तांबट होता. त्याचं घर कुणाला विचारावं लागत नसे. हातोडीच्या ठोक्यांचा आवाज धरून चालत राहिलं की त्याचंच दार यायचं. नाव त्रिंबक. घंगाळ असो की हंडा, त्याच्या हातचे सगळे ठोके एका मापाचे. भांड्याला आतून कल्हईही तोच करायचा. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी त्याचं एकच म्हणणं, "आधी कल्हई, मग घर. त्याशिवाय भांडं हलायचं नाही."

पण घराघरांत स्टील आलं, प्लास्टिक आलं, आणि ठोके कमी होत गेले. पाच महिने भट्टी पेटली नाही. त्रिंबकने मनाशी ठरवूनच टाकलं होतं, दसऱ्यापर्यंत वाट बघायची, नाहीतर ऐरण मोडीत घालायची आणि शहरात कुठेतरी पहारेकरी म्हणून उभं राहायचं. बायकोला, यमुनेला, त्याने हे सांगितलं तेव्हा ती पदराने डोळे पुसत आत गेली.

अशात कळलं, की शहरात कारागिरांचं मोठं प्रदर्शन भरणार आहे. तांबटकामाला एकच गाळा. भांड्यांचे फोटो पाठवायचे, फोटो बघूनच निवड व्हायची.

त्रिंबकच्या मेहुण्याने त्याला आखातातून एक भारी फोन आणून दिला होता. त्याने फोटो काढले. काय ते फोटो! ठोका अन् ठोका दिसत होता. पाठवून दिले आणि मिशीवरून हात फिरवत बसला.

दुसऱ्या दिवशी निवड करणाऱ्या बाईंचा फोन. "त्रिंबकदादा, तुमचे फोटो आमच्या कॉम्प्युटरवर उघडतच नाहीत हो. तुमच्या फोनची फाइल वेगळ्या प्रकारची आहे. जेपीजी करून पाठवा, ती कुठंही उघडते. शुक्रवारी पाचच्या आत मात्र."

गावात रुबीनाचं झेरॉक्सचं दुकान होतं. ती म्हणाली, "दोन मिनिटांचं काम आहे, काका. बसा, बदलून देते."

"फोटोत काही कमी होतं का गं?"

"होतं, पण केसाएवढं. डोळ्याला कळतसुद्धा नाही."

झालं! रुबीनाने खरं सांगितलं आणि त्रिंबकचं डोकं फिरलं. "केसाएवढं तरी का? माझं काम पहिल्या प्रतीचं, फोन पहिल्या प्रतीचा. त्यांचा कॉम्प्युटर जुनाट, त्याला मी काय करू? त्यांनी बदलावा!" घरी येऊन यमुनेलाही हेच ऐकवलं, आणि पठ्ठ्याने तेच फोटो पुन्हा पाठवले. उघडले नाहीत. तिसऱ्यांदा पाठवले. आता सांगा, तीच चुकीची किल्ली तीनदा फिरवली म्हणून कुलूप उघडतं का? पण अहंकाराला हे कोण सांगणार!

शुक्रवार उजाडला. दुपारी त्रिंबक जेवायला बसला. यमुनेने भाकरी वाढली, पिठलं वाढलं आणि सकाळीच ताकाने भरून ठेवलेला गडू पुढे सरकवला. नवाकोरा, झळझळीत तांब्याचा. भट्टी थंड पडायच्या आधी त्रिंबकने महिनाभर खपून घडवलेला, फोटोत सगळ्यांत पुढे असलेला. त्याने गडू उचलला, ओठांपाशी नेला आणि आत बघून दचकलाच. ताकाला हिरवट झाक आली होती.

"अगं, वेड लागलं का तुला? ह्याला अजून कल्हई नाही! ताक कळकलंय सगळं. प्यालो असतो म्हणजे?"

"अहो, पण गडू केवढा देखणा आहे," यमुना शांतपणे म्हणाली. "पहिल्या प्रतीचा! कल्हई केली की आतला तांब्याचा रंग झाकून जाईल. म्हटलं, तेवढं तरी कमी कशाला करायचं?"

"रंग गेला खड्ड्यात! माणसाला त्यातून पिता आलं पाहिजे की नको? नुसत्या देखणेपणाला काय चाटायचंय?"

बोलला, आणि घास हातातच राहिला. यमुना कोनाड्यातल्या फोनकडे बघत होती.

त्रिंबकचा चेहरा पडला. मग तो हळूच हसला. "सोनारानेच कान टोचले की गं," म्हणाला, आणि हात धुऊन, फोन उचलून, पायात चपला सरकवून तडक रुबीनाच्या दुकानात. तिथे नेमकी वीज गेलेली. चार वाजले, सव्वाचार झाले, आणि त्रिंबक दारातच येरझाऱ्या घालत स्वतःलाच शिव्या देत राहिला. साडेचारला पंखा फिरला. रुबीनाने फोटो बदलले, पाठवले.

"आणि काका, तुमचे मूळ फोटो फोनमध्ये आहेत तसेच आहेत. मी फक्त त्यांची नवी प्रत काढली."

"एवढंच होतं होय!" त्रिंबकने कपाळाला हात लावला.

पाचला पाच मिनिटं कमी असताना बाईंचा फोन आला. "उघडले हो दादा, उघडले! त्या गडूवरचे ठोके मोजतेय मी. चुकायला होतंय, पुन्हा पहिल्यापासून मोजतेय."

ज्या ठोक्यांसाठी तो अडून बसला होता, ते सगळेच्या सगळे पोचले होते. त्रिंबकच्या डोळ्यांत पाणी आलं.

शनिवारी यादी लागली. गाळा त्रिंबकलाच मिळाला. रविवारी सकाळी पाच महिन्यांनी भट्टी पेटली. नवसागराचा पांढरा धूर अंगणभर पसरला आणि शेजारीपाजारी काय झालं म्हणून बघायला आले. त्रिंबक गडूला कल्हई करत होता. गडू निवल्यावर त्याने त्यात ताजं ताक ओतलं आणि आधी यमुनेच्या हातात दिला.

तात्पर्य: आपली चीज कितीही मोलाची असो, समोरच्याला ती घेता येईल अशा रूपात द्यावी, त्यात आपलं काही उणं होत नाही.