सायाळीचे पहिले बीळ

मुलांनो, नदी जिथे एकदम वळण घेऊन डोंगराच्या पायाशी येते, तिथल्या जंगलात एक तरुण सायाळ राहत असे. सायाळ म्हणजे साळिंदर. पाठभर काळेपांढरे काटे, मजबूत पंजे आणि स्वभाव थोडा बुजरा. तिच्या आईवडिलांनी जन्मभर कंद उकरले आणि ज्या दिवशी उकरले त्याच दिवशी खाऊन संपवले. ही मात्र दोन हिवाळे अर्धपोटी राहून कंद साठवत आली होती, कारण तिच्या मनात एका विचाराने ठाण मांडले होते. त्या जंगलाची रीत अशी होती की, दुसऱ्याच्या बिळात जो राहील त्याने आपल्या कमाईतला थोडा वाटा बिळाच्या मालकाला द्यावा. "माझे पंजे कधीतरी थकतील," सायाळ स्वतःशी म्हणे. "तेव्हा माझं एखादं बीळ माझ्यासाठी राबत असलं म्हणजे झालं."

जंगलात जागा दाखवण्याचे काम एक कोल्हा करीत असे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्याने सायाळीला नदीकाठी नेले. काठाच्या उंच दरडीत सहा बिळे ओळीने कोरलेली होती. समोर संथ पाणी, पाण्यावर उन्हाचे तुकडे, मधूनच निळ्या रेघेसारखा सरकन जाणारा खंड्या. सायाळ पाहतच उभी राहिली. आयुष्यभर ती झुडपांच्या बुंध्याशी नाक घालून हिंडली होती. जगाला एवढी मोठी समोरची बाजू असते, हे तिने कधी पाहिलेच नव्हते.

"बघून घे, ताई," कोल्हा म्हणाला. "माती इतकी मऊ की पंजा नुसता टेकवावा. सहाच्या सहा घेतलीस तर तुझे सगळे कंद मला पुरेत. पलीकडच्या सातव्यात मी स्वतः राहतो, तेव्हा शेजारही चांगलाच म्हणायचा."

"सगळे कंद?"

"सहा बिळं आहेत. चार दिवसांत सांग, विचारणारे बरेच आहेत."

सायाळीने मनात होकार देऊन टाकला होता. परतताना वाटेत एका मोठ्या खडकावर म्हातारी घोरपड ऊन खात पडली होती. त्या जंगलात तिच्याहून वयाने मोठे कोणी नव्हते. सायाळीने तिला सगळे सांगितले. सांगता सांगता तिचे काटे आनंदाने हलून किणकिणू लागले.

घोरपडीने एक डोळा उघडला. "घे की. पण कंद न्यायच्या आधी तीन दिवस तिथे जाऊन बस."

"बसून काय करू, मावशी?"

"काही करू नकोस. तू जागा पाहिलीस. आता ती जागा दिवसभर काय करते ते बघ."

सायाळीची जात खरे तर अंधारात हिंडणारी. पण जागा पाहायची तर ती उजेडातच पाहायला हवी, म्हणून ती डोळे किलकिले करीत नदीकाठच्या एका करंजाखाली जाऊन बसली. पहिला दिवस पाणी पाहण्यातच गेला. दुसऱ्या दिवशी तिने एका बिळात शिरून कान दिला. आत कुणी नसताना सारखी बारीक खसखस ऐकू येत होती. भिंतीतून मातीचे कण गळत होते, एकामागून एक, न थांबता. मऊ माती जशी पंजाला मऊ होती, तशीच ती स्वतःलाही धरून ठेवत नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिने आळस देत मान वर केली. करंजाच्या फांद्यांत, तिच्या डोक्याच्या कितीतरी वर, वाळके गवत, काटक्या आणि पालापाचोळा यांचा एक गबाळा गुंता अडकला होता. हे कुठल्या पाखराचे घरटे असेल, असे तिला वाटले. मग तिला शेजारच्या झाडावर तसाच गुंता दिसला. त्याच्या पलीकडच्या झाडावरही. सगळे एकाच उंचीवर होते आणि प्रत्येक गुंत्याचे टोक एकाच बाजूला, नदी वाहते त्या बाजूला वळलेले होते. इतकी पाखरे एका रेषेत घरटी बांधत नाहीत. ती उठून थेट खडकाकडे गेली.

"ती घरटी नव्हेत," घोरपड म्हणाली. या वेळी तिचे दोन्ही डोळे उघडे होते. "नदी तिथवर आली होती. परत जाताना तिच्या हातातलं तेवढं झाडांना अडकून राहिलं. बारा पावसाळे झाले त्याला. मी या खडकाला नखं रोवून दोन दिवस चिकटून होते. चहूकडे पाणी होतं. डोंगरसुद्धा मला दिसेना."

सायाळीने वळून नदीकडे पाहिले. नदी दूरवर उन्हात पहुडली होती, एखादे वासरू ओलांडून जाईल इतकी लहान. तेवढ्या पाण्याने उठून करंजाच्या फांद्यांना हात लावला होता. सायाळीच्या पाठीवरचे काटे आपोआप उभे राहिले. ती भ्याली होती असे नाही. एवढे मोठे काहीतरी आपल्यासमोर तीन दिवस निजलेले होते आणि आपल्याला त्याचा पत्ताच नव्हता, याचे तिला नवल वाटत राहिले.

तिने कोल्ह्याला ती खूण दाखवली. कोल्ह्याने वर पाहिले आणि तो मोकळेपणाने हसला. "अगं, माकडांनी टाकलं असेल. मी इथे तीन पावसाळे काढलेत. पाणी त्या पांढऱ्या दगडाच्या वर कधी आलं नाही."

तो खोटे बोलत नव्हता. त्याने जेवढे पाहिले होते तेवढेच तो सांगत होता.

"उंचावर काही आहे का?" सायाळीने विचारले.

"डोंगराच्या उतारावर एक पडकं बीळ आहे. मुरमाड जमीन आहे, तोंडाशी बोरीची जाळी आहे, देखावा म्हणशील तर समोर नुसता दगड. ते कोण घेणार?"

"किती कंद?"

"तिसरा हिस्सा दे," कोल्हा म्हणाला, आणि जाता जाता त्याने तिच्याकडे थोड्या काळजीने पाहिले.

त्या बिळाचे छत आत बसलेले होते. सायाळीने पंधरा दिवस मुरूम उपसला. नखे झिजली, नाकपुड्यांत लाल धूळ भरली. पण उरलेले कंद शिल्लक असल्यामुळे पोटासाठी तिला काम सोडून जावे लागले नाही. आणि खणता खणता तिला जमीन कळू लागली. वर बोटभर काळी माती, तिच्याखाली लालसर मुरूम, त्याच्या खाली पिवळट, थंड, घट्ट असा थर. त्या थरातून बोरीची पांढरी मुळे दोऱ्यांसारखी गेली होती आणि सगळे छत त्यांनी आपल्या अंगावर पेलले होते. सायाळ कितीतरी वेळ त्या मुळांखाली उताणी पडून राहिली. वर काटेरी, खुरटे दिसणारे झुडूप खाली एवढे काम करीत होते.

बीळ तयार झाल्यावर एक रानउंदरीण ते पाहायला आली. तिला पिले होणार होती. तिने आत जाऊन प्रत्येक भिंतीला नाक लावले, जमीन हुंगली आणि ती बाहेर येऊन उभी राहिली.

"कोरडं आहे," ती म्हणाली. "पण मी राहणार नाही, सायाळताई."

"का गं?"

"दार एकच आहे. साप आत आला तर मी पिलं घेऊन जाऊ कुठे?"

सायाळीला हे सुचलेच नव्हते. तिला स्वतःला काटे होते. मागचे दार तिला कधी लागलेच नव्हते. दुसऱ्याने राहायचे घर दुसऱ्याच्या भीतीने पाहावे लागते, हे तिला त्या क्षणी समजले. ती पुन्हा आत शिरली, आणि पाच दिवसांनी जाळीच्या पलीकडे दुसरे दार निघाले. उंदरीण राहायला आली. वाटा म्हणून दर आठवड्याला गालभर रानधान्य द्यायचे ठरले.

पावसाळा आला आणि नदी पांढऱ्या दगडाच्या खालीच राहिली. काठावरची सहाही बिळे वेगवेगळ्या बिऱ्हाडांनी घेतली. संध्याकाळी तिथून पिलांच्या खेळण्याचे आवाज येत. उतारावर सायाळीला आठवड्याला गालभर धान्य मिळे, तेही उंदराच्या गालाएवढे.

"काय ताई, तुझा दगड काय म्हणतो?" कोल्हा येता जाता विचारी. चेष्टेत दुष्टपणा नव्हता, पण तो गेल्यावर सायाळ बराच वेळ काठाकडे पाहत राही. आपण चुकलो तर नाही ना? त्या वाळक्या गवतासाठी आपण एवढे सगळे सोडले? एकदा तर तिने उरलेले कंद बाहेर काढून ठेवले होते. काठावरचे एखादे बीळ कोणी रिकामे करून देईल का, असे विचारायला ती निघालीच होती. पण वाटेत करंज लागला. तिने मान वर केली आणि ती तिथूनच मागे वळली.

पावसाळा सरत आला होता. एके दिवशी दुपारी जंगलावर स्वच्छ ऊन पडले होते, मात्र दूर वरच्या डोंगरांवर तीन दिवस काळे ढग बसून होते. सायाळ बिळाच्या सावलीत डुलक्या घेत होती. अचानक तिला जाग आली. आवाज झाला नव्हता. उलट नदीचा रोजचा खळखळाट बंद झाला होता. ती उतरून खाली गेली. पाणी तांबडे झाले होते आणि पांढरा दगड दिसत नव्हता.

ती क्षणभर थांबली. मग वळून पळण्याऐवजी ती दरडीवर गेली, पाठ पहिल्या बिळाच्या तोंडाशी केली आणि तिने सगळे काटे एकदम खडखडवले. साळिंदराच्या काट्यांचा खडखडाट ज्याने ऐकला आहे, त्याला ठाऊक आहे की त्यात कोणी झोपून राहू शकत नाही. पहिल्या बिळातले बिऱ्हाड बाहेर आले. दुसऱ्यातले आले. तिच्या पायाखाली माती गळत होती, पण ती बिळाबिळाशी जाऊन पाठ वळवत राहिली. सातव्या बिळातून कोल्हीण दोन पिलांना पुढे ढकलत निघाली, आणि सगळ्यांत शेवटी कोल्हा, तोंडात तिसरे पिलू धरून. त्याने सायाळीकडे पाहिले. विचारायला तोंड मोकळे नव्हते. ती म्हणाली, "वर चल." सगळे उतारावर पोहोचले आणि मागे वळतात तो दरडीने एक उसासा टाकला. सातही बिळे पाण्यात बसली. फार मोठा आवाजसुद्धा झाला नाही.

मग नदी वाढत राहिली. मुलांनो, ते दृश्य ज्यांनी पाहिले ते पुढे आपल्या नातवंडांनाही ते नीट सांगू शकले नाहीत. पाणी धावत नव्हते. ते रुंद होत होते. अख्खी झाडे मुळांसकट, फुललेल्या वेलींसकट, शांतपणे समोरून जात होती. सूर्य मावळतीला आला आणि तो सगळा तांबडा विस्तार उजळून निघाला. करंजांचे फक्त शेंडे उरले. दूर, पाण्याच्या मधोमध, आपल्या खडकाच्या माथ्यावर घोरपड चिकटून होती, न हलता, न घाबरता. पिलेसुद्धा आईच्या पोटाखालून मान काढून पाहत होती.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरले. कोल्हा सायाळीजवळ येऊन बसला.

"मी तुझ्याकडे सगळे कंद मागितले होते," तो म्हणाला.

"तू मला फसवलं नाहीस, दादा. तुझ्यापाशी तीनच पावसाळे होते. मी जिला विचारलं तिच्यापाशी जास्त होते, एवढंच."

"या उतारावर आणखी बिळं होतील?"

"होतील. पण प्रत्येकाला दोन दारं करायची."

तिने राखून ठेवलेले कंद बाहेर काढले. उघड्यावर पडलेल्या सगळ्या बिऱ्हाडांनी ते खाल्ले आणि खणायला हात लावला. कुठे खणायचे हे सायाळ सांगत होती, आणि सांगण्याआधी प्रत्येक जागी ती बराच वेळ नुसती बसत होती. थंडी पडेपर्यंत बोरीच्या जाळ्यांखाली आणखी सात बिळे झाली. ज्याने त्याने श्रमाच्या मोबदल्यात बिळातला आपला हिस्सा धरला, आणि जमिनीची निवड सायाळीची म्हणून तिचा वाटा आपणहून बांधून दिला.

एका सकाळी उंदरीण धान्य ठेवून दाणे शोधायला गेली. सायाळ आपल्या पहिल्या बिळाच्या तोंडाशी एकटी होती. तिने सहज कान लावला. आत उंदरिणीची या खेपेची पिले झोपली होती. त्यांच्या श्वासांचा आवाज इतका हलका होता की, आधी तिला तो आपलाच वाटला. बीळ म्हणजे तरी काय, जिथली माती काढून टाकली ती रिकामी जागा. तिने तर फक्त मुरूम बाहेर फेकला होता. आणि त्या रिकामेपणात आता पाच जीव उबेला पडले होते, एकमेकांच्या अंगावर पाय टाकून. सायाळीने पाठीवरचे काटे एकेक करून मिटून घेतले, चुकून वाजू नयेत म्हणून, आणि ती तशीच ऐकत बसून राहिली.

तात्पर्य : पहिली जागा घेताना ती आज कशी दिसते यावर जाऊ नये, तिच्यावर काय काय येऊन गेले ते विचारावे. आपल्या ऐपतीपेक्षा लहान सुरुवात करावी. आणि ज्या घरात दुसऱ्याची पिले निर्धास्त झोपतात, तेच घर आपलीही मिळकत समजावे.